अप्पांच्या टाळाची जागा

केजच्या बाजारात वीरभद्रअप्पांचं भांड्यांचं दुकान कुठं, असं विचारलं तर कुणीही सांगेल. "त्ये का? जिथनं त्ये वाजतंय ना, तिथं जावा." ते म्हणजे काय, हे मात्र अख्ख्या केज तालुक्यात अप्पांशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. अप्पा त्याला जॅझ म्हणतात. बाकीचे त्याला जे म्हणतात ते चारचौघांत लिहायची सोय नाही.

माणसाला नाद असावा, त्यात काही वाईट नाही. आमच्याकडं कुणाला बैलांचा नाद आहे, कुणाला इलेक्शनचा, कुणाला दुसऱ्याच्या सोयरिकीत नाक खुपसायचा. पण ह्या सगळ्यांना जोडीदार मिळतात हो! बैलवाला बैलवाल्याला चहा पाजतो, इलेक्शनवाला इलेक्शनवाल्याच्या गळ्यात पडतो. अप्पांनी कुणाच्या गळ्यात पडावं? साठीला आलेला माणूस, कपाळाला भस्म, गल्ल्यावर एकटाच डोळे मिटून मान हलवतोय, मध्येच "आहाहा" म्हणतोय, आणि समोर गिऱ्हाईक कुकरची शिट्टी हातात धरून ताटकळतंय. बघवत नाही ते.

नाद लागला तो मोडीतून. जुनं पितळ मोडीत घालायचं आणि नवं भांडं न्यायचं, ही भांडेबाजाराची जुनी रीत. अप्पा एकोणीस वर्षांचे असताना एक म्हातारा बँडमास्तर दुकानात आला. निजामाच्या पलटणीच्या बँडात वाजवलेला माणूस. त्यानं पिशवीतून पितळी ट्रंपेट काढलं आणि काट्यावर ठेवलं. अप्पांच्या वडिलांनी हातोडी उचलली, कारण मोड चेपून घ्यायची असते. म्हातारा म्हणाला, "ठैरो सेठ. तोडने से पहले एक बार सुन तो लो." आणि त्यानं वाजवलं. काय वाजवलं देव जाणे, हैदराबादेत कुण्या गोवेकर मास्तराकडून उचललेलं होतं म्हणे. सरळ चाललेलं गाणं मध्येच वाट सोडून रानात शिरलं, बांधाबांधानं हिंडलं, आता हे काही परत येत नाही असं वाटेपर्यंत लांब गेलं, आणि अलगद आपल्याच दारात येऊन उभं राहिलं. अप्पांच्या हातातला तांब्या खाली पडला. पोचा आलेला तो तांब्या अजून घरात आहे. ट्रंपेटही आहे. वडिलांनी म्हाताऱ्याला त्याबदली पातेलं दिलं, आणि त्यांची हातोडी पडायच्या आत अप्पांनी ट्रंपेट जे उचललं ते आजतागायत गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेलं आहे. वाजवता येत नाही त्यांना. रोज पुसतात तेवढं.

पुढं लग्न झालं, महानंदा घरात आली. गळा असा की सोमवारच्या शिवभजनात तिनं धृपद धरलं की देवळासमोरून चाललेला माणूस चप्पल काढून आत येतो. अप्पांना वाटलं, चला, घरातच जोडीदार मिळाला! पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एक कॅसेट ऐकवली. तिनं निमूट ऐकली आणि विचारलं, "ह्ये सुरू कवा होतंय?" कॅसेट संपली होती.

तेही एक वेळ चाललं असतं. खरा घाव पुढं दहा-बारा वर्षांनी बसला. महानंदानं हौसेनं नवऱ्याला भजनात पुढं बसवलं, हातात टाळ दिला. आता अप्पांच्या कानात सगळा वेळ जॅझ. सगळ्यांचे टाळ पडायचे ते ठेक्याच्या पावलावर, आणि अप्पांचा टाळ पडायचा तो दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत. सगळे झण्ण, मग अप्पा एकटेच झण्ण. मृदंगवाला रामप्रसाद गोंधळला, भजन लंगडायला लागलं. महानंदानं गाता गाताच हात पुढं केला आणि सगळ्या देवळादेखत नवऱ्याच्या हातातला टाळ काढून घेतला. गाणं थांबवलं नाही की त्यांच्याकडं बघितलं नाही. ह्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून अप्पा भजनाला जातात ते सगळ्यांत मागं, चपला ठेवतात त्या खांबाला टेकून बसतात. टाळाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि तिनंही काढलं नाही.

गोष्ट पेटली ती गेल्या लगीनसराईत. तेलगावचे सुंदरराव, मोठे ऊसवाले, लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला सगळं घर घेऊन आले. ताटं निघाली, नाव घालायचं मशीन सुरू झालं, आणि त्याच वक्ताला वरच्या स्पीकरमधून एका सॅक्सोफोननं गळा काढला. सुंदररावांच्या आई तुळजाबाई पायरीवरच थबकल्या. "का रं बाबा, ह्येंच्यात कोण वारलंय?" शुभकार्याची खरेदी, तिथं रडगाणं कानावर आलं, मग काय राहिलं! सगळी मंडळी समोरच्या दुकानात गेली. एका ताटावर 'चि. सौ. कां.' एवढं घालून झालं होतं, ते ताट अजून कपाटात पडून आहे.

दुकान आता थोरला मुलगा राजेश्वर बघतो. तो तडक आईकडं गेला, कारण त्या घरातला कुठलाही तंटा तिच्यापुढंच मिटतो. महानंदानं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी अप्पांना समोर बसवलं.

"आवं, तुमची साठी हाय औंदा. मी तीनदा तुमच्यासंगं बसते त्या तुमच्या ह्याला. मनापासून बसते. तिन्हीतनं एकदा जरी मला ग्वाड लागलं तर दुकानात खुशाल वाजू द्या, कोण काय म्हणतंय मी बघते. न्हाई लागलं तर स्पीकर खाली, आन् खिळ्यावरचं त्ये मोडीत."

"मोडीत?" अप्पांचा आवाज चिरकला.

"पितळच हाय की."

अप्पा कबूल झाले. न होऊन सांगतात कुणाला? एकच आधार होता, महानंदा खोटं बोलत नाही. आणि धास्ती होती तीही ह्याच गोष्टीची, की ती नवऱ्याचं मन राखायलासुद्धा खोटं बोलत नाही.

पहिला डाव पुस्तकाचा. मुलगी रुद्राणी पुण्यात नोकरीला आहे, तिनं कुण्या अमेरिकन ट्रंपेटवाल्याचं सहाशे पानांचं चरित्र पाठवलं होतं, इंग्रजीत. अप्पा डिक्शनरी मांडीवर घेऊन सकाळी चार पानं वाचायचे आणि दुपारी महानंदा तूर निवडत बसली की तिला मराठीत सांगायचे. आठ दिवस झकास चाललं. मग ट्रंपेटवाल्यानं दुसरं लग्न केलं.

"पहिलीचं काय झालं?" महानंदानं विचारलं.

"तिचं पुढं दिलेलं न्हाई."

"दिलेलं न्हाई म्हंजे? दोन लेकरं हुती की तिला!"

अप्पांनी पुढची चाळीस पानं उलटली. पहिलीचं खरंच काही नव्हतं. तिकडं ट्रंपेटवाल्यानं एका मैफलीत असा काही सूर लावला की लोक खुर्च्यांवर चढून उभे राहिले, हे सांगताना अप्पांच्या अंगावर काटा आला. महानंदाचं आपलं एकच, लेकरं कुठं हायत? तिसऱ्या लग्नाला तिनं सूप बाजूला ठेवलं. चौथ्याला पुस्तक मिटायला लावलं. "ह्यात बाजाचं कायबी न्हाई. बायांचे हाल हायत नुसते. आन् तुमी ह्याला देव म्हणता?" झालं, पहिला डाव गेला. वर दोन दिवस ती अप्पांशीही फटकूनच होती, जणू चौथं लग्न ह्यांनीच केलं होतं.

दुसरा डाव पिक्चरचा. बीडच्या एका टॉकीजला म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याचा पिक्चर लागला, एकच दिवस, दुपारी बाराचा एकच खेळ. ऐन मे महिना. अप्पा आणि महानंदा बिभीषणच्या जीपमधून बीडला उतरले. बिभीषण म्हणजे केज-बीड सीटा भरणारा जीपवाला. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, तुमी दोघंच हाव. दहा झाल्याबिगर मशीन चालू करीत न्हाईत."

अप्पांचं तोंड उतरलं. एवढ्या लांब येऊन डाव असा फुकट जायचा? पण बिभीषणचे डोळे चमकले. "अप्पा, तोंड कावून पाडता? दहा झाल्याबिगर हलायचं न्हाई, ही तर आपली लाईन हाय!" तो टॉकीजच्या दारात उभा राहिला, कानाला हात लावला आणि रोजच्या सुरात सुरू झाला. "चला चला चला, आठ सीट, आठ सीट! लगेच सुटनार! एसी हाय, गादी हाय, बसा मावशी, पुढं जागा हाय!"

आणि लोक आले की हो! दवाखान्यात नंबर लावून उन्हात उभं असलेलं चौसाळ्याचं एक जोडपं आलं. एकमेकांवर दावा लावलेले आणि तारीख मिळालेले दोघे भाऊ आले. बियाणं न्यायला आलेले तिघे आले, आणि आठवा म्हणून बिभीषण स्वतः बसला. तिकिटं अप्पांनी काढली. पिक्चर कुठला हे एकानंही विचारलं नाही. बियाणंवाल्यातल्या एकानं मात्र जीपमध्ये बसल्यासारखं विचारलं, "मांजरसुंब्याला थांबती का?"

पडद्यावर म्हाताऱ्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि दहाव्या मिनिटाला महानंदाची मान अप्पांच्या खांद्यावर पडली. बाहेर अंग भाजणारं ऊन, आत हा गारवा, पहाटे चारला उठलेली बाई, तिचं तरी काय चुकलं? अप्पांना उठववेना. शेवटी म्हाताऱ्याची अखेरची मैफल आली तेव्हा त्यांनी हलकेच हलवलं. "अगं, आता तरी ऐक."

तिनं डोळे उघडले. "आलं का केज?"

बाहेर पडल्यावर तिनं आपणहून सांगितलं, "ग्वाड लागली."

"काय?" अप्पा रस्त्यातच थांबले.

"झोप. उगं आशा करू नका."

राहिला एकच डाव. रुद्राणीनं पुण्यात रविवारी सकाळी अकराच्या मैफलीची तिकिटं काढली. निघायच्या आधी अप्पांनी ट्रंपेट खिळ्यावरून काढलं आणि एरवी दोन मिनिटांत पुसतात ते अर्धा तास पुसत बसले. इकडं महानंदानं पिशवी भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्यांत खाली एक शाल, एक पांढरी टोपी आणि नारळ.

"ह्ये कशाला?"

"कलावंताकडं रिकाम्या हातानं जात असतेत का?"

"अगं, तिथं तसली पद्धत न्हाई."

"त्येंची नसंल. आपली हाय की."

मैफलीचा हॉल छोटा, दीडदोनशे पुणेकर, सगळे शिस्तीत. वाजवणारे चौघं. एक सॅक्सोफोन, एक पियानो, एक ड्रमवाला, आणि माणसाहून उंच सारंगीसारखं वाद्य छातीशी धरून उभा असलेला किडकिडीत दाढीवाला. त्या वाद्याला डबल बास म्हणतात, असं अप्पांनी बायकोच्या कानात सांगितलं. मग गाणं सुरू झालं. सॅक्सोफोनवाला चाल सोडून दूर दूर गेला, परत आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अर्ध्यातच कावून टाळ्या वाजवायलेत?" महानंदानं विचारलं.

"त्याची पाळी झाली. आता पियानोवाला जाईल."

महानंदा थोडा वेळ ऐकत राहिली. "म्हंजे आमच्या भजनासारखंच की. सगळ्यांनी धुपद धरायचं, एकानं पुढं जायचं, फिरून धुपदावर यायचं."

अप्पांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. पस्तीस वर्षं ते लोकांना जॅझ समजावून सांगत होते, इतकं सरळ त्यांना एकदाही सांगता आलं नव्हतं. पण गोड लागलं असं काही ती म्हणाली नव्हती. अप्पा खुर्चीच्या टोकावर सरकले.

"सगळ्यांत गुणाचा त्यो हाय," ती दाढीवाल्याकडं बोट करून म्हणाली. "बाकीचे मिरवायलेत. संसार त्यो करायलाय."

आणि मग त्या दाढीवाल्याची पाळी आली. बाकीच्यांनी हात काढून घेतले, फक्त ड्रमवाला हळू ठेका धरून राहिला. आता हा काय प्रकार आहे मला माहीत नाही, पण अप्पा सांगतात, जगात कुठंही गेलं तरी बासवाल्याची पाळी आली की लोक बोलायला लागतात. पुण्यातही लागले. मागच्या रांगेत कुणी पार्किंगचं काढलं, कुणी जेवायला कुठं जायचं ते काढलं. महानंदानं एकदा मागं बघितलं, दोनदा बघितलं, आणि तिसऱ्यांदा उभीच राहिली.

"गप बसा की वो जरा! ते लेकरू जीव तोडून वाजवायलंय आन् तुमाला जेवायचं पडलंय? घरी भाकरी भेटत न्हाईत का?"

सगळा हॉल चिडीचूप. रुद्राणीनं ओढणीत तोंड लपवलं. अप्पांना वाटलं आता तरी ही बसेल. बसते कुठली! पिशवी उचलली आणि निघाली स्टेजवर. दाढीवाल्याचे दोन्ही हात तारांवर, सोडता येईनात. तिनं त्याच्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर शाल टाकली. राहिला नारळ. तो द्यायचा कुठं? तिनं तो वाद्याच्या पायाशी ठेवला, आणि नारळ गडगडत गेला थेट ड्रमांच्या खाली. शुभ नारळ असा कसा सोडायचा? महानंदा वाकून मागं गेली. लोक बघतात तर ड्रमवाला ठेका धरून बसलाय आणि त्याच्या पायाशी एक नऊवारीतली बाई खाली वाकलेली. नारळ हाताला लागला तरी ती लगेच उठली नाही. तशीच वाकून काहीतरी बघत राहिली, चांगला बराच वेळ. मग नारळ वाद्याच्या पायाशी नीट टेकवला, हात जोडले आणि खाली आली. हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दाढीवाला टोपी घालून हसत हसत वाजवत होता.

अप्पांनी लाजेनं खुर्चीत अंग चोरलं होतं. पण त्यांना धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जागेवर आल्यापासून महानंदा एक शब्द बोलली नाही. मैफल संपली, एसटीत बसले, जामखेड मागं पडलं, तरी गप्प.

"मग?" अप्पांनी शेवटी विचारलं.

"उद्या सांगते."

महानंदाला सांगायला उद्यापर्यंत थांबावं लागतं म्हणजे काय, ते अप्पा समजून चुकले. सोमवारी सकाळी त्यांनी स्पीकर लावलाच नाही. ट्रंपेट उतरवलं, जुन्या पेपरात गुंडाळलं आणि काट्यावर ठेवून दिलं. दुकान एकदम मुकं झालं. आणि लोकांची गंमत बघा, जे रोज नावं ठेवायचे तेच आत डोकावून विचारायला लागले, "अप्पा, आज बरं न्हाई का?" राजेश्वरला बापाकडं बघवेना. तो मशीनचा पाना शोधायच्या निमित्तानं माळ्यावर जाऊन बसला.

दिवेलागणीला भजन. अप्पा नेहमीप्रमाणं चपलांच्या खांबाला टेकले. महानंदानं धृपद धरलं, टाळ सुरू झाले. आणि जी बाई कुणासाठी भजन थांबवत नाही, तिनं हात वर केला. सगळं थांबलं.

"आवं, पुढं या."

सगळ्या माना मागं वळल्या. अप्पा बिचकत उठले, माणसांतून वाट काढत पुढं गेले. तिनं त्यांच्या हातात टाळ ठेवला. म्हाताऱ्या सरस्वतीबाई, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वीचा तमाशा डोळ्यांनी बघितला होता, त्या घाबरून म्हणाल्या, "अगं माय, फिरून त्येच का?"

महानंदानं परत धृपद उचललं. ह्या वेळी चुकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या पावलावर, मोजून टाळ मारला. झण्ण. महानंदानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गारठले.

"असं न्हाई. तुमच्या जागंवर."

"आँ?"

"त्या पुण्याच्या ढोलवाल्याच्या पायाशी दांडीवर टाळ हुता. जोडी हुती, पायानं वाजवायलता. नारळ उचलताना बघून आले मी. तुमी वाजवत हुता त्याच जागंवर वाजवायलता, आन् त्यामुळंच सगळं चालायलं हुतं. बावीस वर्षं मला वाटलं, तुमी चुकता."

महानंदानं तोंड फिरवून गाणं उचललं. सगळे टाळ पडले, आणि मधल्या मोकळ्या जागेत अप्पांचा टाळ पडला. रामप्रसादचा हात अडखळला.

"रामप्रसाद, तू तुझं सोडू नको! ते चुकत न्हाईत, त्येंची जागाच ती हाय."

रामप्रसादनं दात-ओठ खाऊन ठेका धरला. एक आवर्तन वाकडं गेलं, दुसरं सावरलं, आणि तिसऱ्याला ते भजन असं काही डुलायला लागलं की सरस्वतीबाईंची मान आपोआप हलायला लागली आणि त्यांचं त्यांनाच कळेना की आपल्याला हे काय झालं. अप्पांना धृपद म्हणायचं होतं, पण जागा सुटेल म्हणून ते नुसता टाळ वाजवत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

कडवं संपलं, श्वास घ्यायला जागा मिळाली, तेवढ्यात महानंदा त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "आन् उद्या त्ये पितळ खिळ्याला परत लावा. दुकानची भित लई बोडकी दिसायली."